पाद्र्याचा दुसरा बूट ऊर्फ मार्टिनची चाल

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात रामचंद्र म्हापणकर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. बंद पडलेला कुठलाही टेपरेकॉर्डर तो बोलता करायचा आणि बोलणारा कुठलाही माणूस बंद पाडायचा. हे मत शेजारच्या गाळ्यातल्या खैरुद्दीनचं. खैरुद्दीन राजापूरचा. गाड्यांच्या सीटांना कव्हरं शिवायचा आणि दिवसभर सुईपेक्षा जीभ जास्त चालवायचा, त्यामुळे त्याचं मत संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याचं होऊन जाई.

टेपरेकॉर्डरचं मात्र अगदी खरं होतं. वेंगुर्ल्याजवळच्या म्हापणहून रामचंद्र एकोणऐंशी साली आला तो रेडिओ मेकॅनिक म्हणून. यंत्राला हात लावायच्या आधी तो नुसता कान देऊन बसे. "हा अर्धा सूर वर पळतोय," म्हणे, आणि मोटरच्या पाठीतला स्क्रू पाव फेरा फिरवी. मीटर लावून बघावं तर काटा बरोब्बर जागेवर. पठाण ड्रायव्हर खूश होऊन 'उस्ताद' म्हणत, आणि उस्ताद म्हटलं की रामचंद्र चहा पाजत असे. त्यामुळे त्याला उस्ताद म्हणणारे रस्त्यावर बरेच झाले होते.

दुसऱ्या गोष्टीचं मूळही त्याच कानात. शारजातल्याच रोला भागातल्या एका फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी दुपारी भजन असायचं. त्यात रामचंद्र पेटीवर. कुणी नवी चाल लावली की याची बोटं पेटीवर आणि मेंदू चोर पकडायला निघालेला. भजन संपलं की सगळ्यांसमोर सांगायचा, "चाल बरी आहे हो, पण ओळखीची आहे." मग ती कुठून उचलली ते वाजवूनच दाखवायचा. अशानं दोन बुवा त्याच्याशी बोलेनासे झाले. तिसरे बाबाजी. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत फोरमन, आवाज असा की माइक लाजावा. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी एक गजर लावला आणि डोळे मिटून म्हणाले, "ही माझी स्वतःची. पहाटे सुचली." रामचंद्रनं मधेच भाता थांबवला आणि कुडाळच्या बँडपार्टीची वरातीची धून वाजवली. तीच चाल, फक्त जरा घाईत! लोक हसून हसून लोळले. बाबाजींनी टाळ पिशवीत घातले, चपला घातल्या आणि निघून गेले, त्यानंतर त्यांना गाताना कुणी ऐकलं नाही.

"मी खोटं बोललो काय?" रामचंद्रनं घरी येऊन बायकोला विचारलं.

"खरंच बोललात," सगुणा म्हणाली. "पण केवढ्यानं!"

अशा या माणसाच्या गाळ्यात नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात फॅलनसाहेब आले. खलिफा सिटीत राहणारा, साठीला टेकलेला आयरिश इंजिनियर. मान उन्हानं वीटभट्टीसारखी झालेली. उभा जन्म समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटमध्ये कॉम्प्रेसरशेजारी गेल्यामुळे दोन्ही कान गेलेले, उजव्यात मशीन. अबू धाबीहून दीड तास गाडी हाकत आले होते आणि हातात जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर बाळंतिणीनं बाळ धरावं तसा धरला होता.

"लोक म्हणतात, हे मशीन दुरुस्त करणारा इकडे तू एकच उरलायस," ते म्हणाले.

"दुरुस्त होणारं मशीनही एकच उरलंय," रामचंद्र म्हणाला. "ठेवा. बेल्ट गेलाय. साठ दिरहम."

"म्हणजे सातशे रुपये," खैरुद्दीन दारातून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मशीनबरोबर एक स्पूल होतं. त्यावर फॅलनच्या थोरल्या भावाची, मार्टिनची, लाकडी बासरी होती. मार्टिन लंडनमध्ये इमारतींवर विटा रचायचा. अडुसष्ट साली कुणीतरी हे रेकॉर्डिंग केलं आणि एकाहत्तर साली तो पडून गेला. लग्न नाही, पोरबाळ नाही, दफनही तिथल्या सरकारी जागेत, दगडावर नुसता नंबर. मागे उरली ती ही एक धून. त्यांच्याकडे नाचाच्या जलद धुनेला रील म्हणतात. ही रील आपण स्वतः बांधली, असं मार्टिननं धाकट्या भावाला सांगितलं होतं.

आता अबू धाबीतली हौशी आयरिश मंडळी मिळून एक सीडी काढत होती. तिच्यावर फॅलन भावाची धून वाजवणार होते आणि कव्हरवर छापायचं होतं, 'रचना: मार्टिन फॅलन'. पण मंडळीची म्होरकी नोरा, एका शाळेतली टीचर, अडून बसली होती. ही धून तिनं कुठंतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. जुनी, सगळ्यांची धून कुणा एकाच्या नावावर छापणं म्हणजे त्यांच्या लोकांत नाक कापलं जाणं. मार्चपर्यंत खात्री करा, नाहीतर नाव छापणार नाही, असं तिनं बजावलं होतं.

"माझ्याकडे दोनशे चौदा कॅसेटी आहेत," फॅलन म्हणाले. "गेल्या ऐंशी वर्षांतलं वाजवण्यासारखं सगळं त्यात आहे. त्यात नसेल तर ती मार्टिनचीच. पण मला आता दोन धुनांतला फरक कळत नाही. मशीनमधून सगळं डब्यात खडे वाजवल्यासारखं ऐकू येतं. तुझा कान चांगला आहे म्हणे."

चोर पकडायचं काम आणि वर आमंत्रण! रामचंद्रनं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

कॅसेटींची खोकी घरी आली आणि म्हापणकरांच्या फ्लॅटमधली शांती गेली. पहिल्या आठवड्यात रामचंद्रला सगळ्या रीली सारख्याच वाटल्या, घोडा सुटलाय आणि मागून मालक धावतोय. मग हळूहळू कानाला वाट सापडली. त्याची पद्धत ठरलेली होती. आधी कॅसेटचा वेग बरोबर करायचा. मग चालीचा सा कुठे आहे तो पेटीवर शोधायचा. मग सुरुवातीची एक ओळ सा रे ग म मध्ये वहीत उतरवायची आणि पुढे धुनेचं नाव. मार्टिनची चाल पहिल्याच पानावर होती. एकट्या बासरीची, बरोबर दुसरं वाद्य नाही. ती ज्या सुरावर येऊन थांबत होती तो त्यानं सा धरला: पेटीची पांढरी तीन. ऐकायला काफी रागासारखी, जरा डोळे भरून आल्यासारखी. आता वहीतली कुठली ओळ या ओळीशी जुळते एवढंच बघायचं.

नावांनी मात्र त्याला वेड लावलं. 'पाद्र्याचा दुसरा बूट'. 'खाजकुयलीतली केटी'. 'विधवेची छत्री'.

"हे काय, गाण्यांची नावं आहेत की धोब्याची यादी?" सगुणा म्हणाली.

"अगं, त्यांच्यात हा एक गॅन ऐनम म्हणून कुणी फार मोठा माणूस होऊन गेलाय," रामचंद्र भारावून म्हणाला. "दर दोन कॅसेटीआड याची एक चाल आहे. आजपर्यंत एकोणतीस सापडल्या. आणि एकीसारखी दुसरी नाही! याला म्हणतात प्रतिभा."

बारावीतली अस्मी सोफ्यावर पुस्तक घेऊन पडली होती. "पपा, दॅट्स नॉट अ पर्सन. आय चेक्ड. इट मीन्स 'विदाउट अ नेम' इन आयरिश."

"म्हणजे?"

"म्हणजे निनावी," सगुणा म्हणाली. "एकोणतीस वेळा नमस्कार घातलात तो कुणालाच नाही."

रामचंद्रनं दोन दिवस कॅसेटींना हात लावला नाही. पण त्या निमित्तानं त्यानं कव्हरांवरची बारीक टिपणं वाचायला घेतली आणि त्याला या लोकांची एक गंमत कळली. धुनेला नाव देताना ती कुणी बांधली हे ते बघतच नाहीत. कुणाकडून ऐकली त्याचं नाव. न्हाव्याकडून ऐकली तर न्हाव्याची, कुणा मिसेस अमुककडून ऐकली तर तिची. नाव विसरलं तर त्या दिवशी समोर जे दिसलं त्याचं, बूट तर बूट. एकाच धुनेची गावोगाव पाच-पाच नावं. "बिनधास्त लोक आहेत," तो खैरुद्दीनला म्हणाला. "चोरी म्हणून काही ठेवलेलीच नाही यांनी. मग त्या नोराबाईचं का अडलंय?"

"नाव ठेवायला कुणाची ना नाही, रामभाऊ," खैरुद्दीन म्हणाला. "मी बांधली म्हणून छापायला आहे. माझ्या मशीनवर शिवलेलं कव्हर मी माझं म्हणेन, पण गाडी माझी म्हटलं तर पोलीस येईल ना?"

फेब्रुवारीच्या शेवटाला दोनशे चौदावी कॅसेट संपली. वहीत दोन हजारांवर ओळी होत्या. मार्टिनची ओळ त्यात दुसरीकडे कुठेही नव्हती. रामचंद्रनं तीन वेळा तपासलं आणि फॅलनना फोन केला.

"नाही सापडली. तुमच्या भावाचीच."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. फॅलनना ऐकू आलं नसावं म्हणून रामचंद्र पुन्हा ओरडला, तेव्हा ते म्हणाले, "ऐकलं. पहिल्यांदाच ऐकलं. पण पुन्हा सांगितलंस ते बरं केलंस." दुसऱ्या दिवशी ते केक घेऊन गाळ्यावर हजर. खैरुद्दीननं तीन तुकडे खाल्ले आणि मार्टिनच्या आत्म्यासाठी दुवाही मागितली.

इथंच संपायचं ते. पण रामचंद्रचा कान स्वस्थ बसणारा नव्हता.

पुढच्याच शुक्रवारी भजनाला मंडळी जमत होती. रामचंद्र पेटीसमोर बसून उगाच बोटं फिरवत होता आणि बोटांत होती मार्टिनची चाल, तीन महिन्यांच्या सवयीनं. तेवढ्यात परेश नावाचा गाणारा आला. त्यानं नवीन इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला होता, सगळ्यांना दाखवायला. बटण दाबलं. तंबोरा पांढरी दोनवर लावलेला. रामचंद्र पांढरी तीनला सा धरून वाजवत होता, त्याची बोटं तशीच चालू राहिली, आणि त्याच्या मानेवर काटा आला.

बोटं तीच, पट्ट्या त्याच. पण खाली सा बदलला आणि चालीनं कपडेच बदलले! डोळे पुसणारी काफी गेली आणि हसऱ्या तोंडाचा बिलावल समोर उभा राहिला. आणि हा बिलावल त्यानं ऐकला होता.

"बंद करू नको," तो परेशवर ओरडला.

"दादा, पट्टी चुकीची आहे, मी बदलतो..."

"हात लावशील तर बघ!"

त्यानं पूर्ण आवर्तन वाजवलं. मग उत्तरार्ध आधी घेतला आणि पूर्वार्ध मागून. आता शंकाच उरली नाही. पाद्र्याचा दुसरा बूट. जुन्या तव्यावरून उतरवलेली, एकोणीसशे सव्वीसची अमेरिकेतली रेकॉर्ड. फिडलमागे, म्हणजे त्यांच्या व्हायोलिनमागे, कुणीतरी पियानो बडवत होता, पांढरी दोनवर. पियानोच्या भरवशावर रामचंद्रनं तिथं सा पांढरी दोन धरला होता. शिवाय वाजवणाऱ्यानं धुनेचा दुसरा भाग आधी घेतला होता. त्यामुळे वहीत दोन्हींच्या ओळी कधी जुळणारच नव्हत्या. आपली चाल फिरून फिरून सावर येऊन टेकते. पण ही रील कुठेही टेकत नाही, शेवटचा सूर म्हणजे तिचं पुन्हा उडी मारायचं फळकूट असतं. भजनातल्या सवयीनं रामचंद्र त्या फळकुटाला घर समजून बसला होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्याची चूक पकडली कुणी, तर बटणाच्या तंबोऱ्यानं!

त्या दिवशीच्या भजनात पेटीवाल्याचं लक्ष नव्हतं असं सगळे म्हणतात. घरी येऊन त्यानं वही पुन्हा उघडली. आणखी दोन सापडल्या: खाजकुयलीतली केटी तीच, आणि त्या थोर निनावी पुरुषाची सतरावी चालही तीच. मार्टिन जन्मला त्याच्या आधीपासून ही धून गावोगाव फिरत होती.

एरवी अशा शोधानंतर रामचंद्रनं अर्ध्या शारजाला फोन केले असते. या वेळी तो वही मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिला. कव्हर पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी छापायला जाणार होतं.

"काय झालं?" सगुणानं विचारलं. त्यानं सांगितलं.

"मग? सांगणार?"

"खैरुद्दीन म्हणेल, मार्टिन मेला, तवेवाला मेला, नुकसान कुणाचं?"

"खैरुद्दीनचं सोडा. तुम्ही काय म्हणता?"

"पपा, यू हॅव टू टेल हिम," आतून अस्मीचा आवाज आला. घरात भिंती पातळ आणि पोरीचे कान बापाचे.

सगुणाचा पारा चढला की ती मालवणीवर येत असे. "सांगा हो, सांगा. पण बाबाजींका सांगितलात तसा नको. समजलात? चार माणसात पेटी वाजवन नको."

हे मर्मावर लागलं. बाबाजींना फोन करायचं रामचंद्रच्या दीड वर्षं मनात होतं आणि तेवढंच दीड वर्षं जमत नव्हतं. त्याही संध्याकाळी जमलं नाही. त्यानं फॅलनना बोलावलं, गुरुवारी, खैरुद्दीनचा गाळा बंद असताना.

फॅलन आले. रामचंद्रनं अर्धा शटर ओढला, आधी मार्टिनचं स्पूल लावलं, मग दुसऱ्या यंत्रावर अमेरिकेची रेकॉर्ड. बिलावल, काफी, सा, सगळं सांगायचा त्यानं प्रयत्न केला, पण फॅलननी हात वर केला. त्यांनी मशीन कानातून काढलं आणि कपाळ थेट स्पीकरच्या लाकडाला टेकवलं. प्लँटमध्ये कॉम्प्रेसर बिघडला की ते असंच करत. धून तीनदा ऐकली.

"तीच आहे," ते म्हणाले.

"चूक माझी. मी आधी..."

"तू नाही. तो." त्यांनी मशीन परत कानात घातलं. "मला सांगितलं होतं, बोटीवर सुचली. समुद्र कसा होता तेसुद्धा सांगितलं होतं रे! पन्नास वर्षं मी तो समुद्र बघतोय."

रामचंद्रनं मार्टिनची टेप हळूहळू मागे गुंडाळली.

"नोराला सांगतो, ती धून काढून टाक," फॅलन उठत म्हणाले. "खोटं नाव नको आणि त्याचं दुसरं काही माझ्याकडे नाही. मार्टिन फॅलन कव्हरवर येणार नाही. खलास." शटरखालून वाकून ते गेले. स्पूल यंत्रावरच राहिलं.

त्यानंतरचे काही दिवस रामचंद्र दुकानात बसे तो नुसता बसे. खैरुद्दीननं दोन-तीन विनोद करून पाहिले आणि परत गेला. जगात एका माणसाचं नाव राहायचा एकच धागा होता आणि तो आपण, विचारलं म्हणून का होईना, तोडला, हे त्याच्या मनातून जाईना. आणि एके सकाळी सोल्डरिंग करता करता त्याला आठवलं: कुणाकडून ऐकली त्याचं नाव! म्हणजे मार्टिनकडून कुणी ऐकली असेल तर? वीस वर्षं तो लंडनमध्ये वाजवत होता. एकट्यानं खोलीत बसून थोडाच वाजवत असेल?

"अस्मी," तो संध्याकाळी म्हणाला, "तुझ्या त्या इंटरनेटवर असले वेडे लोक असतील ना, धुना गोळा करणारे?"

"मेनी," अस्मी म्हणाली. "दे आर वर्स दॅन यू."

होतेच. ईमेलवर गप्पा मारणारी त्यांची जगभरची मंडळी होती. ते लोक सूर ए बी सी डीत लिहीत. बाप सा रे ग म सांगायचा, लेक अक्षरं बडवायची, दोघं भांडायचे, आणि टेलिफोन लाइन अडकलीय म्हणून सगुणा दोघांवर ओरडायची. शेवटी पत्र गेलं: ही धून तुमच्याकडे कुठल्या नावानं वाजवतात आणि ते नाव कुणाकडून आलं?

उत्तरं यायला लागली. बोस्टनमध्ये तिला 'गार लापशी' म्हणत. आयर्लंडच्या क्लेअरमधल्या एकानं 'सार्जंटची सासू' असं कळवलं. मेलबर्नच्या एका गृहस्थानं, ही धून मुळीच तशी नाही आणि तुम्हाला ऐकता येत नाही, असं तीन पानी पत्र पाठवलं. ते रामचंद्रला फार आवडलं. आपल्या जातीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात लंडनहून एका बाईचं चार ओळींचं पत्र आलं. ती काही वाजवणारी नव्हती, तिच्या भाच्यानं तिला हे दाखवलं होतं. तिचे वडील गवंडी. ही धून ते टिन व्हिसलवर, म्हणजे पत्र्याच्या बारक्या बासरीवर, वाजवायचे आणि तिला 'मार्टिन फॅलन्स' म्हणायचे, कारण कामावर याच नावाच्या माणसाकडून ती शिकले. दुसरं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडून शिकलेले चार-पाच जण तिकडे आजही तिला तेच म्हणतात. खाली टेलिफोन नंबर होता.

रामचंद्रनं तो कागद अस्मीकडून दोनदा वाचून घेतला. शुक्रवारी दुपारी खैरुद्दीनच्या गाडीतून सगळे खलिफा सिटीला निघाले. "तीन महिने माझे कान किटवले त्या माणसाला एकदा बघू दे," म्हणून सगुणाही. बरोबर डब्यात घावन आणि रस, कारण रिकाम्या हातानं माणूस बघायची तिच्याकडे पद्धत नव्हती.

व्हिलात फॅलन आणि नोरा होते. सामान बांधायला काढलेलं. जूनमध्ये फॅलन कायमचे परत जाणार होते. रामचंद्रला पाहून ते उठले, पण त्यांचा चेहरा उठला नाही.

"मी माझं स्पूल तुझ्याकडे विसरलो नव्हतो," ते म्हणाले. "ठेवलं होतं."

"ठीक आहे. हे वाचा."

फॅलननी चष्मा लावला. वाचलं. कागद नोराला दिला, परत घेतला, पुन्हा वाचला.

"साहेब," रामचंद्र म्हणाला, "मी तुमच्या दोनशे चौदा कॅसेटींची कव्हरं वाचलीत. तुमच्यात बांधणाऱ्याचं नाव लावतच नाहीत. देणाऱ्याचं लावतात. मार्टिननं बांधली नाही. पण दिली. ते नाव तिकडे लागलंय, तुम्ही छापायच्या आधी तीस वर्षं. 'रचना' हा शब्द तेवढा काढा."

"ते खरंय," नोरा सावकाश म्हणाली. "छपाई मी अजून थांबवून ठेवलीय. तसं असेल तर ते नाव मी छापायलाच पाहिजे. न छापणं खोटं होईल."

"पण तो मला का खोटं बोलला?" फॅलन म्हणाले.

सगुणानं अस्मीला कोपरानं ढोसलं. "त्यांना विचार, तेव्हा हे केवढे होते?"

अस्मीनं विचारलं. "अकरा," फॅलन म्हणाले. "तो सुट्टीवर घरी आला होता, परत लंडनला निघाला होता आणि मी रडत होतो."

"मग झालं तर!" सगुणा म्हणाली. "रडणाऱ्या पोराला माणूस काय खरं सांगतो?" आणि हे भाषांतर करायच्या आत तिनं डबा उघडून त्यांच्यासमोर सरकवला.

फॅलन डब्याकडे बघत राहिले. मग टेलिफोनकडे गेले. नंबर फिरवला, नाव सांगितलं, आणि त्यांच्या कानातलं मशीन फोनला लागून शिट्टी मारायला लागलं. ते ओरडत होते, पलीकडची बाई बोलत होती, आणि यांना अक्षर कळत नव्हतं. "तिला सांग," ते नोराला म्हणाले, "वडील वाजवायचे ती म्हणून दाखव म्हणावं. आठवते का?" मग त्यांनी रिसीव्हर रामचंद्रच्या हातात दिला. "तू ऐक. माझ्या कानांचं काही खरं नाही. तीच आहे का सांग. आणि या वेळी मला खूश करायला सांगू नको."

"मी कधी कुणाला खूश केलंय?" रामचंद्र म्हणाला आणि रिसीव्हर कानाला लावला.

दूर लंडनमध्ये ती बाई जरा लाजली, खाकरली आणि गुणगुणायला लागली. ना फिडल, ना पियानो. रील नव्हतीच ती. पोर झोपवताना म्हणावी तशी सावकाश, घोड्याला पाणी पाजून झाडाला बांधून ठेवल्यासारखी. पहिला भाग पहिल्यांदा, मार्टिनच्या स्पूलवर होता तसा. आणि येऊन थांबली ती रामचंद्रनं चुकून जिथं घर समजलं होतं, नेमकी तिथं. थांबली आणि टेकली. तिच्या बापाला ती तशी ऐकवणारा एकच असू शकत होता. खोलीत सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि त्याचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

"काय?" फॅलन म्हणाले. "तीच?"

रामचंद्रनं मान हलवली.

"कुणाची?"

"थांबा हो," रामचंद्र रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाला, "ती दुसऱ्यांदा म्हणतेय." त्यानं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मार्टिनची."